निकालाआधीचे दिवस

पेणला सासरवाडीत भेटेल तो विचारतो, ‘काय, नायब सुभेदार झालात का?’ रोह्यात घरी कुणीच विचारत नाही, आणि तेच जास्त जाणवतं. मी अजून हवालदार. हवालदाराची मूळ सेवा २४ वर्षांची, नायब सुभेदाराची २६. धाकटी अजून शाळेत आहे. ती दोन वर्षं मला हवी आहेत, मनापासून हवी आहेत.

बढतीच्या बोर्डासमोर मी उभा नसतो, माझे कागद असतात. मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल, केडरचा निकाल, मेडिकल कॅटेगरी, तांबड्या शाईत शिक्षेची नोंद आहे की नाही. हे ऐनवेळी जमवता येत नाही. थंडीत, कुणी बघत नसताना पोरांची हत्यारं तपासली, कच्च्या नेमबाजाला सोबत घेऊन बसलो, त्याचं पुढे अहवालात एखादं वाक्य होतं. नव्या जवानांना मी बजावतो: कोर्स केलात ना? मग त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली का तेही बघा. नोंद नसेल तर बोर्डाला काही दिसत नाही.

रोह्यापुढे माणगाव, यशवंत घाडगेंचा तालुका. १० जुलै १९४४ रोजी इटलीत सेक्शनमधले सगळे साथीदार पडले, तरी त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ते नाईक होते, वय अवघं बावीस. त्यांचं नाव घेतलं की माझी घालमेल थोडी बसते. ओढ मात्र तशीच राहते.

परवा पलटणीत हजर व्हायचं. पुढच्या महिन्यात फायरिंगची परीक्षा आहे.