दारात दूध घेऊन आलेली सहा चाकं

काल संध्याकाळी पाहिलेलं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीये! लेकीकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन चार दिवस झाले होते. ऐन चहाच्या वेळी दूध संपलं. बाहेर पावसाची रिपरिप. मी छत्री शोधायला लागले, तर लेक म्हणाली, ‘‘आई, बस गं तू. येतंय दूध.’’ फोनवर दोन-तीनदा बोट टेकवलं तिनं. अर्ध्या तासानं फोन वाजला. ‘‘जा, तूच घे दारातून.’’

दार उघडलं, तर माणूसच नाही! समोर गुडघ्याच्या उंचीची पांढरी पेटी, खाली सहा काळी चाकं, मागे उंच दांडीवर झेंडा. लेकीनं फोनवरूनच कुलूप काढलं. मी झाकण उचललं. आत दूध, पाव आणि अंडी. अंडीसुद्धा! एकही तडकलेलं नव्हतं. झाकण लावलं, तशी ती जागच्या जागी वळली आणि परत निघाली. मला कुठलं राहवतंय! चपला अडकवल्या आणि निघाले तिच्या मागोमाग.

फुटपाथची कड आली. आता अडणार, असं वाटेपर्यंत पुढची चाकं वर, मग मधली, मग मागची, आणि चढलीसुद्धा! समोरून बाबागाडी ढकलत एक बाई आल्या. पेटी थांबली. त्या पुढे गेल्यावरच हलली. एक कुत्रा हुंगून गेला, तेवढा वेळही ती शांत उभी. आणि मला तिच्यामागे धावावं लागत नव्हतं. तिचा वेग ताशी फार तर सहा किलोमीटर, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढाच.

छत्री घेऊन लेक मागून आली आणि मी प्रश्नांचा भडिमार केला. हिला दिसतं कसं? चहूबाजूंना कॅमेरे आहेत, शिवाय रडार आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारी उपकरणं. घरांच्या कडा, वाटेच्या रेषा टिपून ती स्वतःकडच्या नकाशाशी ताडून बघते आणि आपण नेमक्या कुठे आहोत ते ओळखते. वाटेत कोणी झाकण उघडू शकत नाही. अगदीच अडली, तर दूर बसलेला माणूस कॅमेऱ्यातून पाहून तिला वाट काढून देतो. स्काइप घडवणाऱ्यांपैकी आहती हाइनला आणि यानुस फ्रीस यांनी २०१४ साली स्टारशिप ही कंपनी काढली. या पेट्या तिच्याच. त्यांच्या घडणीचं बरंचसं काम एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये झालं. मिल्टन कीन्समध्ये त्या २०१८पासून किराणा पोचवताहेत.

पण मी खरी हरखले ती वाट पाहून! लालसर डांबराची रुंद पायवाट, दोन्ही बाजूंना झाडी. मोठा रस्ता आला की तो वरून जातो आणि ही वाट खालच्या बोगद्यातून. मी वाशीत, म्हणजे सिडकोनं आधी आखून वसवलेल्या नवी मुंबईत, तीस वर्षं राहिलेली. मिल्टन कीन्सही असंच आधी कागदावर आखलेलं शहर, १९६७ साली ठरवलेलं. इथे पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी या वाटांचं वेगळं जाळं विणलंय. ‘रेडवे’ म्हणतात त्याला. आज ते सुमारे ३०० किलोमीटर पसरलंय. आखणाऱ्यांच्या मनात होती शाळेला जाणारी पोरं, बाजाराला निघालेली माणसं. पन्नासेक वर्षांनी त्याच वाटेवर या पेटीलाही जागा मिळाली! चालणाऱ्या माणसासाठी शहरानं जे राखून ठेवलं, त्यातूनच हे नवल उगवलं. बोगद्यात उभी राहून मी हे लेकीला तीन-तीनदा सांगत होते.

दुकानापाशी तशाच चार-पाच पेट्या ओळीनं उभ्या! कामावरच्या मुलीनं एकीत पिशवी ठेवली, झाकण लावलं, आणि ती निघाली. मी नेमकी तिच्या वाटेत. मी जावं म्हणून ती थांबलेली, आणि तिनं आधी जावं म्हणून मी. क्षणभर आम्ही दोघी तशाच समोरासमोर.

मग मीच बाजूला झाले. कुणाच्या तरी घरी चहा खोळंबला असेल.