रात्रभर जागणारं बटण

लाइटच्या बटणाला सेल लागतात, ही गोष्ट माझ्या आईच्या पचनी पडायला बराच वेळ गेला. भिंतीतलं बटण तीस-चाळीस वर्षं बिनबोभाट चालतं, दिवाळीला एकदा फडकं मारलं की झालं, असं तिचं म्हणणं. त्यात खोट काढण्यासारखं काहीच नाही. पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पलंगापासून दाराजवळच्या बोर्डापर्यंतची चार पावलं रात्री अंधारात टाकणं धोक्याचं झालं.

म्हणून पलंगावरून चालवता येईल असा स्मार्ट स्विच बसवायचं ठरलं. आमची सोसायटी कोथरुडातली, जुनी. वायरमनने बोर्ड उघडला, आत टेस्टर फिरवला आणि म्हणाला, "ताई, इथे न्यूट्रल नाहीये. फक्त फेज उतरवलीय." जुन्या वायरिंगमध्ये असं सर्रास असतं. न्यूट्रल वरच्या वर थेट दिव्याकडे जातो आणि बोर्डात फेज तेवढी येऊन परत जाते. बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतः चालू राहायला दोन्ही तारा लागतात. भिंत फोडायची तर नुकताच दिलेला रंग जाणार, म्हणून मग बिनतारी मार्ग निवडला. होल्डरमध्ये स्मार्ट बल्ब, हॉलमध्ये वायफाय राउटरशेजारी एक हब, आणि पलंगाला, स्वयंपाकघरात व पॅसेजमध्ये चिकटवलेली बॅटरीवरची बटणं. सगळं झिगबी या बिनतारी जाळ्यावर.

खोक्यावर लिहिलं होतं, सेल दोन वर्षं चालेल. बाबांच्या पलंगावरच्या बटणाने पंधरवडाही काढला नाही. स्वयंपाकघरातलं त्याच्या मागोमाग गेलं. पॅसेजमधलं मात्र ठणठणीत. बटणं एकाच खोक्यातली, सेल एकाच पाकिटातले, मग एकाचंच आयुष्य वेगळं का, इथून माझा शोध सुरू झाला.

आधी सेलकडेच पाहिलं. या बटणांत सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा लिथियमचा चपटा सेल. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "तोच आहे हो" म्हणत एकदा २०२५ दिला होता. तो तितकाच रुंद, पण जाडीला अडीच मिलिमीटर. क्षमता कमी आणि खाचेत सैलही बसतो. तो परत केला. मग तपकीर गल्लीत जाऊन ओळखीच्या दुकानातून नवे सेल, एक साधा मल्टिमीटर आणि २२० ओहमचे थोडे रेझिस्टर घेऊन आले.

रेझिस्टर का, ते सांगते. मेलेल्या चपट्या सेलला नुसता मल्टिमीटर लावला तरी तो ऐटीत २.९ व्होल्ट दाखवतो. भार नसताना सगळेच पहिलवान. २२० ओहम आडवा लावला की साधारण १३ मिलिअँपिअर ओढले जातात, म्हणजे बटणाचा रेडिओ बोलताना ओढतो जवळपास तेवढेच. नवा सेल तिथे टिकून राहतो, थकलेला धाडकन खाली येतो. अॅपमध्ये दिसणाऱ्या टक्क्यांवर तेव्हापासून माझा विश्वास उरला नाही. ते टक्के बहुधा व्होल्टेजवरून काढलेले असतात, आणि लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. शिवाय थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. डिसेंबरच्या पहाटे 'बॅटरी संपत आली' म्हणणारं बटण दुपारी पुन्हा निवांत असायचं.

नवे सेल या चाचणीत उत्तम ठरले, आणि तरीही पलंगावरच्या बटणाने ते फस्त केले. म्हणजे सेलचा दोष नव्हता. कुणीतरी तो पीत होतं.

इथे थोडा हिशोब मांडावा लागला. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. बटण झोपलेलं असताना समजा २ मायक्रोअँपिअर घेतं. त्या वेगाने सेल संपायला कागदावर बारा वर्षं लागतील. रेडिओ सतत जागा राहून १० मिलिअँपिअर घेत असेल, तर तोच सेल २२ तासांत रिकामा. वेळेच्या फक्त दहाव्या हिश्श्यात रेडिओ जागा राहिला तरी नऊ दिवसांत खेळ खलास. बाबा दिवसातून किती वेळा बटण दाबतात याने या हिशोबात काही फरक पडत नव्हता, कारण एका दाबण्याचं काम क्षणार्धात उरकतं. बटण दाबलं जात नसताना काय करतं, हा खरा प्रश्न होता.

मग बटण उघडून सेल आणि पट्टीच्या मध्ये कागद सरकवला आणि त्या फटीत मल्टिमीटर जोडला. मिलिअँपिअरच्या रेंजवर. मायक्रोच्या रेंजवर ठेवला तर मीटरच इतकं व्होल्टेज खातो की रेडिओ बोलायला लागताच बटण रीसेट होतं. आकडा शून्याला चिकटून बसला. बटण दाबलं, काटा असता तर उडाला असता, आणि पुन्हा शून्य. अगदी सभ्य वागणूक. मी तशीच बसून राहिले.

तेवढ्यात आई खोलीत आली आणि सवयीने दाराजवळचं बटण खट्‌कन बंद करून गेली.

मीटर नाचायला लागला. थांबेचना. मी उठून भिंतीवरचं बटण पुन्हा चालू केलं, आणि थोड्या वेळाने आकडा शून्यावर येऊन निजला. पुन्हा बंद केलं, पुन्हा नाच.

झिगबीतली बॅटरीवरची उपकरणं हबशी थेट बोलतातच असं नाही. जवळचं एखादं विजेवर चालणारं उपकरण त्यांचा पालक होतं. हा पालक बटणाचे निरोप पुढे पोचवतो आणि बटणासाठी आलेले निरोप ते जागं होईपर्यंत जपून ठेवतो. स्मार्ट बल्ब साधारणपणे हे काम करतात. पलंगावरच्या बटणाने खोलीतल्याच बल्बला पालक मानलं होतं, कारण तो सगळ्यात जवळ होता. भिंतीवरचं बटण बंद झालं की बल्बची वीजच जाते. मग बटण हाका मारत सुटतं, उत्तर आलं नाही की ११ ते २६ क्रमांकांच्या चॅनेलांवर एकेक करून शोधतं, आणि प्रत्येक ठिकाणी कान देऊन थांबतं. चांगल्या बनावटीचं उपकरण थोड्या प्रयत्नांनंतर दमाने घेतं, हाकांमधलं अंतर वाढवत नेतं. आमचं बटण त्या जातीचं नव्हतं.

पॅसेजमधला दिवा आमच्याकडे रात्रभर मंद चालू असतो. त्याची वीज कुणी तोडत नाही, म्हणून तिथलं बटण सुखी.

"आई, भिंतीवरचं बटण तू बंद करू नकोस ना," मी म्हटलं.

"म्हणजे दिवा विझलाय आणि बटण चालू ठेवायचं? वीज काय फुकट येते?"

विझलेला स्मार्ट बल्बही थोडी वीज खातो, हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. माझ्या मते चूक तिची नव्हतीच. खोलीबाहेर पडताना बटण बंद करायचं, ही ज्या पिढीच्या हाताची सवय आहे, तिच्या घरात बल्बने पालक व्हायचं ठरवणं हाच मुळात अव्यवहारी कारभार. भारतात तर प्लगच्या प्रत्येक पॉइंटलाही स्वतंत्र बटण असतं, म्हणजे वीज तुटायच्या जागा आणखी वाढल्या.

म्हणून बल्बवर अवलंबून न राहणारा पालक हवा होता. झिगबीचा एक प्लग आणला, जो निरोप पुढे ढकलतो. तो लावायचा कुठे? जिथलं बटण घरात कुणीही बंद करत नाही असे दोनच पॉइंट निघाले, फ्रिजचा आणि राउटरचा. फ्रिजचा पॉइंट इन्व्हर्टरवर नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तो प्लग मेला आणि बटणाची वणवण पुन्हा सुरू. राउटरचा इन्व्हर्टरवर आहे, पण वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि झिगबीचा पट्टा एकच. राउटरला खेटून बसवलं की गोंगाटात निरोप हरवतात, पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात, आणि त्याचीही किंमत सेलच मोजतो. हबही याच कारणासाठी मी राउटरपासून दूर टीव्हीच्या टोकाला नेला आणि त्याचं चॅनेल २५ केलं. वायफाय १, ६ किंवा ११ वर असेल तर २५ त्याच्या वाटेत येत नाही. चॅनेल बदलल्यावर बटणं पुन्हा जोडून घ्यावी लागली, हा ताप वेगळा.

शेवटी वायरमनला परत बोलावलं. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटामागे इन्व्हर्टरच्या लाइनवरचा एक पॉइंट होता. त्याचं बटण मधून काढून त्याने फेज सरळ सॉकेटला जोडली. बंद करायला बटणच ठेवलं नाही. "असं काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. पलंगावरचं बटण त्या प्लगच्या जवळ नेऊन नव्याने जोडलं, म्हणजे त्याने पालक म्हणून प्लगच धरला. आता आईने खोलीतलं बटण खुशाल बंद करावं. दिवा तेवढा लागत नाही; सेल तरी वाचतो. रात्रीपुरतं भिंतीवरचं बटण चालू ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय.

जुने सेल मी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बरणीत ठेवते आणि बरणी माळ्यावर. भाचा घरी येतो, आणि हा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका जळू शकते.

स्वयंपाकघरातलं बटण प्लग लावूनही सेल खातच राहिलं. ते लोखंडी मांडणीच्या आडोशाला होतं, आणि धातूतून रेडिओ जात नाही. जागा बदलून पाहता आली असती. पण आई तिथे कणकेच्या हाताने कोपराने भिंतीवरचंच बटण दाबते, चिकटवलेल्या बटणाला तिने कधी हातही लावला नव्हता. मी ते काढून टाकलं आणि तिथे साधी एलईडी ट्यूब बसवून घेतली.