राखणीला नवीन जातीचा कुत्रा

आमच्या पालीकडे ‘मुधोळ-रॉटवायलर, नवीन जात, राखणीला एक नंबर’ असं सांगून पिल्लं विकतायत. वालाच्या शेतात रात्री डुकरं शिरतात, त्यामुळे कोणालाही मोह होईल. पण दोन जातींचा पहिला संकर म्हणजे जात नव्हे. संकरित भाताचं बी पुढच्या साली पेरलं की काही रोप उंच, काही बुटकं, कुत्र्यांतही तेच. डोबरमन जर्मनीत एका करवसुलीवाल्याने सुरू केला, तोही पुढे पिढ्यान् पिढ्या निवडून पक्का झाला.

मी पिल्लू नाही, आईबाप बघतो, आणि तेही रात्री, त्यांच्या जागेवर. अनोळखी माणूस आला की भुंकून उभा राहतो का? हाक मारली की मागे फिरतो का? शेळ्यांमागे लागतो का? मागून येऊन चावणारा बहुधा भित्राच. डुकराला भिडणारा तर फाटूनच येतो, आपल्याला वर्दी देणारा हवा. पिल्लाचा खरा स्वभाव दीड-दोन वर्षांनी कळतो, आणि आमच्या बांधावरून शाळेची पोरं जातात.

विकणाऱ्याला म्हटलं, बापाला मोकळा सोडून दाखव. म्हणाला, “दादा, तो साखळीलाच असतो.”

पिल्लू घेतलं नाही.