मुठीएवढं

वैशाखात पुलगावचं ऊन डोळ्यांत उतरतं. वर्धा नदीच्या पात्रात पाण्याहून वाळूच अधिक चमकते, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं, आणि मुंबई-नागपूर मार्गावरची एखादी गाडी फलाटाला लागली की खिडक्यांच्या गजांतून रिकाम्या बाटल्या धरलेले हात बाहेर येतात. अशा वेळी कुणीतरी बादली घेऊन डब्याडब्याशी धावतो, थोडं बाटलीत, थोडं ओंजळीत, थोडं फलाटाच्या तापल्या फरशीवर सांडत पाणी वाटत सुटतो, आणि गाडी हलली की बादली भरायला नळाकडे वळतो. पिणाऱ्याला त्याचं नाव कळत नाही. त्यालाही कुणाचा चेहरा आठवत नाही.

हे विसरणं मला फार सुंदर वाटतं.

गिरणीच्या भोंग्यावर गावाचा दिवस उगवायचा आणि मावळायचा, तेव्हाही पाळी सुटलेली माणसं निंबाखालच्या पाणपोईशी थबकत. ओल्या तरटात गुंडाळलेले रांजण, पाण्याला वाळ्याचा गंध, आणि सावलीतून आलेला एखादा आवाज, "थांबा जी, पाणी घ्या." त्या 'जी'मध्ये अर्धी तहान भागायची. पहाटे ते रांजण कोण भरून जायचं, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

इथून फार दूर नाही पवनार, विनोबांचं. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत 100 एकरांचं पहिलं भूदान त्यांच्या पदरी पडलं, आणि मग वर्षानुवर्षं पायी हिंडत त्यांनी लाखो एकर मागितले. त्याच माणसाने पुढे घराघरांत सर्वोदय-पात्र ठेवायला सांगितलं: रोज एक मूठ धान्य, आणि मूठ घरातल्या लहान मुलाची. मला भूदानाइतकीच ही मागणी मोठी वाटते. डब्यात कोपरापर्यंत बुडालेला इवला हात, बोटांच्या फटींतून मोत्यांसारखी ओघळणारी ज्वारी, पात्रापर्यंत पोचेतो निम्मी उरलेली. आणि तरी ते मूल किती ताठ मानेनं उभं! इतक्या लहान दानाचं ओझं घेणाऱ्याच्या खांद्यावर बसत नाही. त्याला मान खाली घालावी लागत नाही.

अशा मुठी दिवसभर समोर येत राहतात. आर्वीच्या बसमध्ये लेकुरवाळीला खिडकी देणं. भर उन्हात टोपलं घेऊन बसलेल्या मावशीशी दोन रुपयांसाठी न अडणं. म्हाताऱ्या शेजाऱ्याची तीच जुनी गोष्ट, शेवट ठाऊक असूनही, पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकणं. हे तर सगळ्यांत अवघड, कारण इथे द्यायचा असतो तो आपला वेळ, आणि तो पुन्हा भरून येत नाही.

यंदा आमच्या फाटकाशी रांजण मांडायचा आहे. कुंभाराला सांगून ठेवलंय, तोंड रुंद हवं. ओटा मात्र ठेंगणाच बांधणार; शाळेतून येणाऱ्या पोरांचा हात पोचला पाहिजे.