अंथरुणाबाहेर पाय

‘इंक’ या चित्रपटाची पहिली भेट काही सुखाची होत नाही. स्वारी दारातून आत येते ती थेट आरडाओरडा करतच. सूट घातलेला एक माणूस संतापून गाडीत बसलेला आहे, तो कुणावर चिडलाय ते कळत नाही, आणि आपण विचारेपर्यंत गाडीला धडक बसते. लगेच तोच माणूस एका लहान मुलीशी लुटुपुटूची लढाई खेळताना दिसतो. मग रात्र पडते, शहर झोपी जातं, आणि लख्खकन उजेड होऊन त्या उजेडातून साध्या कपड्यांतली माणसं रस्त्यावर उतरतात. हे सगळं आधीचं की नंतरचं, खरं की कुणाच्या डोक्यातलं, याचा खुलासा करायची याला अजिबात घाई नाही. वर सगळं चित्र असं की पांढरा रंग डोळ्यांत घुसावा, बाकीच्यावर निळसर-हिरवट कळा आणि पडद्यावर बारीक खरखर. अमेरिकेत कुणी मला ‘परीकथेसारखं काहीतरी सुचवा’ म्हणालं की मी हेच नाव सांगतो, आणि सोबत एक अटही घालतो: पहिली वीस मिनिटं उठायचं नाही.

जन्म २००९चा, गाव डेन्व्हर, राज्य कोलोरॅडो. म्हणजे हॉलिवूडपासून हजाराहून जास्त किलोमीटर दूर, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. आईबाप म्हणजे जेमिन आणि कायोवा विनन्स हे जोडपं आणि त्यांची घरचीच कंपनी, डबल एज फिल्म्स. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि संगीत जेमिनचं. निर्मिती, ध्वनी आणि वेशभूषा कायोवाची. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. याच वर्षाच्या डिसेंबरात ‘अवतार’ आला, त्याच्या खर्चाचा जाहीर आकडा २३.७ कोटी डॉलरचा. तेवढ्या पैशात नऊशेहून अधिक ‘इंक’ निघाले असते. हा हिशेब मी ‘अवतार’ला खिजवायला मांडत नाही. पण दोघंही तेच काम करायला निघाले होते: नसलेलं जग उभं करायचं. एकानं ते विकत घेतलं, दुसऱ्यानं जुळवाजुळव करून बांधलं.

कसं बांधलं ते बघण्यासारखं आहे. या चित्रपटात रात्री दोन टोळ्या काम करतात. एक गोष्टी सांगणाऱ्यांची. ते झोपलेल्याच्या उशाशी येतात, हात लावतात आणि चांगलं स्वप्न देऊन पुढच्या घरी जातात. त्यांना पंख नाहीत, मुकुट नाहीत. रात्रपाळीला निघालेल्या परिचारिकेसारखी कामाला लागलेली माणसं. दुसरी टोळी वाईट स्वप्नं वाटणाऱ्यांची. त्यांच्या तोंडासमोर काचेसारखी एक पट्टी बसवलेली, आणि त्या पट्टीवर त्यांचाच चेहरा, पण किंचित सरकलेला, हसरा आणि विकृत. डोळ्यांवर चष्मा, तोही चकाकणारा. राक्षस बनवायला संगणकांची फौज लागते असा आपला समज आहे. इथं एक काच पुरली, आणि ती काच कुठल्याही शिंगांपेक्षा जास्त भीती घालते, कारण असे चेहरे आपण दिवसाढवळ्या कचेऱ्यांतून पाहिलेले असतात.

या दोघांच्या मधला, कुठल्याच टोळीचा नसलेला एक भटका म्हणजे इंक. अंगावर झगा, चेहरा झाकलेला, त्याखाली बेढब नाक, साखळ्यांचा आवाज. त्याच्याजवळ एक छोटा ढोल आहे, तो ठरावीक तालात वाजवला की एका जगातून दुसऱ्या जगात जायचं दार उघडतं. हा इसम एमा नावाच्या त्या मुलीला झोपेतून पळवतो. शरीर अंथरुणातच राहतं, आणि पुढे दवाखान्यात बेशुद्ध पडून असतं. जीव इंकच्या साखळीला. तिचा बळी देऊन त्याला वाईट स्वप्नवाल्यांच्या टोळीत जागा मिळवायची आहे. तिला वाचवायला गोष्टी सांगणारे धावतात आणि तिच्याच घरात मारामारी होते. इथं या चित्रपटाची अक्कल दिसते. टेबल फुटतं, भांडी उडतात, आणि पुढच्याच क्षणी सगळं आपोआप जुळून जागेवर बसतं. स्वप्नातल्या माणसांना जागेपणीच्या जगाला ओरखडा काढता येत नाही, हा नियम. युक्ती जुनीच, चित्रफीत उलटी फिरवण्याच्या जातीची. पण ती इथं नुसती गंमत म्हणून येत नाही, त्या जगाचा कायदा म्हणून येते.

आपल्याकडे हे नवं नाही, आपण फक्त विसरलो आहोत. नाशिकात दादासाहेब फाळके काय वेगळं करत होते? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकघरही सांभाळायच्या आणि फिल्म धुण्याच्या कामातही असायच्या. ‘लंकादहन’मध्ये साळुंके नावाचे नट एकाच चित्रपटात रामही झाले आणि सीताही. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण म्हणून घरचीच लेक मंदाकिनी. चमत्काराचा चित्रपट हा मुळात घरगुती धंदा होता. देवाला अवतरायला कोटीचं अंदाजपत्रक लागतं ही पुढची सवय. म्हणून विनन्स जोडप्याचं काम पाहताना मला हॉलिवूडपेक्षा नाशिकच जास्त आठवतं, आणि हे मी देशाभिमानानं म्हणत नाही. दोन्हीकडचा हात सारखाच दिसतो म्हणून म्हणतो.

आता जेकबकडे येऊ, कारण ‘इंक’ला ज्यांनी मनात ठेवलंय त्यांनी तो जेकबमुळे ठेवलाय. हा आंधळा वाटाड्या. दोन्ही डोळ्यांवर चिकटपट्टीची फुली. तोंड फाटकं, वागणं पोरकट, सगळ्यांचा अपमान करत हिंडणारा. त्याला दिसत नाही, पण जगाचा ठेका ऐकू येतो. एमाचा बाप जॉन हा बायकोच्या मृत्यूनंतर दारू आणि नोकरी यांत बुडालेला माणूस. मुलगी आजी-आजोबांकडे गेलेली. ती दवाखान्यात आहे असं सांगायला सासरा स्वतः येतो, तरी हा कामावरून हलत नाही. त्याला तिच्यापर्यंत न्यायचं कसं? स्वप्नवाल्यांना तर जगातली वस्तू हलवता येत नाही. जेकब रस्त्यावर उभा राहतो, कान देतो, एक-दोन-तीन-चार मोजू लागतो, आणि ठेक्यात कुठेतरी एक बारीकसा धक्का देतो. मग कुणाच्या हातातलं काहीतरी निसटतं. कुणी वळून बघतो. कुणाला क्षणभर उशीर होतो. एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि मागे संगीत चढत जातं. संगीतही त्याच माणसाचं आणि कात्रीही त्याच्याच हातात, म्हणून चित्र आणि ताल यांच्यात कागदही सरकवता येणार नाही अशी सांधेजोड. सरतेशेवटी जॉनच्या गाडीला धडक बसते. आरंभी पाहिलेली तीच. तेव्हा तो नुसता अपघात होता. आता कळतं की एका बापाला मुलीच्या दवाखान्यात पोचवायला अख्ख्या शहरानं नकळत हातभार लावलाय.

या प्रसंगाची तालीम जेमिननं आधी करून ठेवली होती. २००५ साली त्यानं ‘स्पिन’ नावाचा लघुपट केला होता. त्यात एक डीजे रस्त्यावर आपली तबकडी मांडतो आणि ती मागेपुढे फिरवून भोवतालच्या घटनांची साखळी दुरुस्त करत बसतो. गरीब घरात एकही कल्पना वाया जात नाही, तिचा नंतर सदरा होतो.

गुण सांगितले तसे अवगुणही सांगायला हवेत, नाहीतर हे शब्दचित्र न राहता लग्नासाठी दिलेली माहिती होईल. ‘इंक’ हळवा आहे, कधी कधी अति. काही नट कमी पडतात. शहाणपणाचे संवाद थोडे जड आणि सावकाश बोलले जातात. मारामाऱ्या इतक्या तुकड्यातुकड्यांत कापल्यात की कोण कुणाला मारतंय ते शोधावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे याला कुणी शिकवलंच नाही. जगं, टोळ्या, कायदे, कर्मकांडं, सगळं अडीच लाखांत कोंबलंय. पण पाय आखडून घेतले असते तर उरला असता एक नेटका, विसरण्याजोगा कौटुंबिक चित्रपट. तसे अमेरिकेत दर महोत्सवाला पोत्यानं येतात.

महोत्सवावरून आठवलं. जानेवारी २००९ मध्ये सांता बार्बराच्या महोत्सवात हा पहिल्यांदा लोकांसमोर आला. एकाही मोठ्या वितरकानं हात धरला नाही. मग आईबापांनी स्वतःच त्याला निरनिराळ्या शहरांतल्या स्वतंत्र चित्रपटगृहांत फिरवलं आणि वर्षाच्या शेवटी डीव्हीडी काढली. नोव्हेंबरात ती फुटली. टोरंटवर चोरून उतरवणाऱ्यांची संख्या आठवड्याभरात लाखांत गेली आणि आयएमडीबीच्या लोकप्रियतेच्या यादीत हा अनोळखी पोरगा पहिल्या वीसांत, मोठमोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांशेजारी जाऊन बसला. याच वर्षी एप्रिलमध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयानं ‘पायरेट बे’ या टोरंट-संकेतस्थळाच्या चौघांना एक वर्षाची कैद आणि ३ कोटी क्रोनरची भरपाई सुनावली होती, एवढी त्या काळात चोरीवर खार. विनन्स मंडळींनी मात्र वकील गाठला नाही. इतके लोक चित्रपट बघताहेत याचा त्यांनी उघडपणे आनंद मानला.

यावर चोरीचं समर्थन करणारे फार खूश होतात. मी तितका होत नाही. चोरीतून नाव झालं म्हणून पैसे आले असं होत नाही, आणि २०१४चा ‘द फ्रेम’ही या जोडप्यानं पुन्हा घरच्याच कंपनीतून, स्वतःच्याच जिवावर काढला. स्टुडिओचं दार उघडलं नाही की त्यांनी ठोठावलं नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. पण चोरांनी याला जिथं पोचवलं तिथं कुठल्याही वितरकानं पोचवलं नसतं, हेही खरं.

झग्याखालचा इंक खरा कोण, ते मी सांगणार नाही. बघून आलेले सांगू लागले तर कानावर हात ठेवा. एकूण १०७ मिनिटं लागतात. माझ्या मते दहा मिनिटं जास्त आहेत, पण कुठली दहा ते दर खेपेला वेगळं वाटतं. आमच्या घरात यावर एकमत झालेलं नाही. मुलांना दाखवायचा असेल तर दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना, त्या काचेच्या चेहऱ्यांमुळे. आवाज मात्र मोठा ठेवा. जेकब मोजायला लागला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली तरी चालेल.