नदी बघायची तर अपस्ट्रीमला

मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला वीकेंडला जंगल हवं असेल तर लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची काही गरज नाही. बोरिवली स्टेशनला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, थोडं चाला... की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट! साधारण १०४ चौरस किलोमीटर जंगल, तेही बिबट्यांसकट.

इथला शिलोंडा ट्रेल मला फार आवडतो. मनात आलं आणि निघालो असं मात्र चालत नाही. आधी बुकिंग आणि बरोबर उद्यानाचा गाईड. वाट ओढ्याच्या काठाने जाते. पावसाळा संपता संपता गेलात तर पाणी इतकं नितळ असतं की तळाचे गोटे मोजावेत. काठ झाडांच्या मुळांनी घट्ट धरून ठेवलेला. पावसाचं पाणी पालापाचोळ्यात, मातीत मुरतं आणि मग हळूहळू ओढ्याला मिळतं. म्हणजे बघा, पाणी ओढ्यात असतं, पण त्याची काळजी काठ घेतो.

याच जंगलातून दहिसर नदी निघते. १८७९ साली बांधलेल्या तुळशी तलावाच्या सांडव्यातून निघून ती साधारण १२ किलोमीटर वाहते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. जंगलात ती नदी असते. गेटबाहेर आली, की दोन्ही बाजूंना भिंती, तबेल्यांचं शेण, वस्त्यांचं सांडपाणी, आणि लोक तिला बिनदिक्कत 'नाला' म्हणतात! आमच्या धंद्यात खाली एरर दिसली की आपण अपस्ट्रीमला जाऊन बघतो. इथे अपस्ट्रीम ठणठणीत आहे. बिघाड सगळा मधल्या काही किलोमीटरचा.

मी मूळचा मालेगावचा, त्यामुळे हे बघताना मोसम आठवतेच. बागलाणातल्या डोंगरांतून येणारी, वर हरणबारी धरण असलेली ही नदी. नारो शंकरांनी किल्ला बांधला तो हिच्याच काठी. आमच्या गावात 'मोसम पूल' हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. पुलावरून रोज हजारो लोक जातात, पण खाली कोण बघतं? नाकाला रुमाल लावून पुढे सटकायचं.

परवा फोनवर वडिलांना विचारलं, "पप्पा, तुम्ही मोसममध्ये पोहलाय का हो?"

"पोहलोय का म्हणजे? पोहायला शिकलोच तिथे!" मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या त्या ओढ्याच्या पाण्याला वास येतो का रे?"

"नाही पप्पा. जंगलात नाही."

एका पिढीत नदीचा पत्ता झाला. मालेगावात बिबट्याचं जंगल कोणी मागत नाहीये. सांडपाणी आधी शुद्ध करून मग नदीत सोडणं, काठावर भराव न टाकणं, दोन्ही बाजूंना थोडी झाडं आणि चालायला एक वाट, एवढंच. पलीकडे कॅम्प, अलीकडे जुनं गाव. दोन्हीकडची माणसं संध्याकाळी एकाच काठावर फिरतील, हा तर बोनस!

असो. बोरिवलीला जमलं तर जाऊन याच. आणि आपापल्या गावच्या पुलावरून जाताना एकदा तरी खाली बघा.