हळद नव्हती ती

पाडव्याच्या रात्री पाहुणे गेले. मी भांडी घासत होते आणि चिंगी पायाशी बसून अंग चाटत होती. तिच्या नाकावर, पाठीवर नारिंगी पूड दिसली. वाटलं, गुढीच्या पूजेची हळद असेल. पुसायला गेले तर हळदीचा वास येईना. वर पाहिलं. टेबलावरच्या फुलदाणीत लिलीची फुलं होती. ती पूड म्हणजे त्यांचे परागकण.

तुमच्या घरी मांजर असेल तर पुढचं नीट वाचा. ईस्टर लिली, स्टारगेझर, टायगर लिली आणि अंगणातली डे-लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, अंगावरून चाटलेले पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं. आधी उलट्या होतात, मग मांजर जरा सावरल्यासारखं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. नेमकं कोणतं रसायन हे करतं, ते अजून सापडलेलं नाही.

रसायनशास्त्रात पीएचडी आहे माझी. लेबल वाचल्याशिवाय लॅबमधली बाटली मी उघडत नाही. पण फुलांचं लेबल कोण वाचतं?

रात्री साडेअकराला तिला घेऊन इमर्जन्सीत धावले. "किती खाल्लं?" "माहीत नाही." डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. उलटीचं औषध, कोळशाची पूड, मग दोन दिवस सलाइन. (घरी उलटी करवायला जाऊ नका, ते धोक्याचं आहे.) बिल महिन्याच्या घरभाड्याहून जास्त झालं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन नॉर्मल आलं तेव्हा कुठे मी जेवले.

आई फोनवर म्हणाली, "अगं, आपल्याकडे मांजरं बागेतच वाढतात." खरंय. पण कण्हेर आणि कळलावीला हात लावायचा नाही, हे आजीनं मला चालता येऊ लागल्यापासून शिकवलं होतं. इथल्या फुलांबद्दल सांगायला इथे आजी नव्हती.

आता प्रश्न उरला तो फुलं आणणाऱ्या वहिनींचा. हौसेनं आणलेली फुलं. सांगून त्यांना अपराधी का वाटायला लावायचं? महिनाभर गप्प बसले. मग एकदा त्या म्हणाल्या, "लेक मांजराचं पिल्लू मागतेय, आणतोय आम्ही." तेव्हा मात्र सगळं सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरला. बराच वेळ चिंगीच्या केस काढलेल्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधीच का नाही बोललीस? आमच्या मागच्या अंगणात सगळ्या डे-लिलीच आहेत."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून त्या मुळासकट उपटल्या. तिथे आता गुलाब आहेत. गुलाब मांजराला विषारी नाही, आणि येताना वहिनी माझ्यासाठी त्यातलेच दोन घेऊन येतात.